माप बसल्याशिवाय

जगात देवाला मानणारी माणसं असतात, न मानणारी असतात. माझे भासरे, म्हणजे ह्यांचे थोरले भाऊ, फक्त मापाला मानतात. उद्या कुणी त्यांना बहरीनची सगळी वाळू मोजायला सांगितली तर ते नाही म्हणणार नाहीत. आधी तराजू सपाट टेबलावर ठेवतील, एसी बंद करतील आणि म्हणतील, "पहिले चार मापं परत ओता."

इथे बहरीनमध्ये, सखीरच्या पुढे वाळवंटात नेमबाजीचा एक क्लब आहे. तिथल्या वर्कशॉपमध्ये झाडलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या पुन्हा भरायचं काम भासऱ्यांकडे आहे. विदर्भातल्या दारूगोळ्याच्या कारखान्यात अर्धं आयुष्य काढून हा माणूस इकडे आला आणि आल्या दिवसापासून सगळ्यांना शिस्त लावत सुटला. त्यांच्या टेबलाला एक यंत्र आवळलेलं आहे, त्याला सगळे 'मेजर', म्हणजे मापयंत्र, म्हणतात. वर पावडरची नळी, खाली फिरता ड्रम, बाजूला दांडा. दांडा वर केला की ड्रमच्या खाचेत पावडर भरते, खाली आणला की तेवढीच पुंगळीत पडते. खाच लहानमोठी करायला एक स्क्रू आणि तो जागचा हलू नये म्हणून वरून आवळायची एक चकती. झालं यंत्र! पण भासऱ्यांकडून ऐकायला बसा, तुमचा डबा गार होईल. दांडा नेहमी एकाच वेगानं फिरवायचा, नळी अर्ध्याखाली येऊ द्यायची नाही, आणि स्क्रू फिरवला की पहिली मापं तराजूवर बघून परत नळीत ओतायची. "पावडरले बसाले वेळ लागते, बाई. नवी सून नाही का, आल्या दिवशी घरात बसते काय?" आणि सगळ्यांत मोठा नियम असा, की दांडा हलतोय तोवर खोलीत कुणी बोलायचं नाही. एकदा क्लबचा सेक्रेटरी बोलला, तर भासऱ्यांनी त्याला चक्क हात धरून बाहेर नेऊन उभं केलं.

वर्कशॉपमधून पावडरचा एक कण घरी आणायला बंदी आहे. माप मात्र घरी येतंच. जाऊबाई गेल्यापासून बापलेक दर शुक्रवारी सकाळी झिंजला आमच्या फ्लॅटवर येतात. चहा भासरेच गाळतात. पहिला कप भरतात, परत पातेल्यात ओततात. दुसरा भरतात, तोही ओततात. तिसरा आपल्या हातात. तोवर चहा कोमट! त्यांची मुलगी संघमित्रा, घरातली मित्रा, कपाळाला हात लावते, "बाबा, प्लीज! नॉट अगेन!" तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीतच यायचं. बुद्धपौर्णिमेला अदलियाच्या हॉलमध्ये आमच्या मंडळींनी भासऱ्यांच्या हाती खिरीची पळी दिली, आणि झालं! रांग दारापर्यंत, पोरं भुकेली, आणि हे खीर वाढून परत पातेल्यात ओततायत. कुणीतरी ओरडलं, "यल्ला दादा, आटपा, पुढची पौर्णिमा येईल!" भासरे ढिम्म. "माप बसल्याशिवाय मी वाढत नसतो." पण खरं सांगते, शेवटच्या माणसालाही पहिल्याइतकीच खीर मिळाली आणि पातेलं तिथंच संपलं. वर्षानुवर्षं आमच्याकडे खीर एकतर कमी पडायची नाहीतर नुसती उरायची!

तर ही मित्रा त्याच क्लबात रायफल चालवते, आणि बापानं भरलेल्या काडतुसांवरच तिचा हात बसलेला. यंदा क्लबच्या टीममध्ये एकच जागा रिकामी होती आणि तिची निवड शुक्रवारी व्हायची होती. पोरगी त्या एका जागेसाठी वर्षभर घासत होती. गुरुवारी दुपारी मी भासऱ्यांचा डबा घेऊन वर्कशॉपमध्ये गेले. ते स्क्रू फिरवून तिचं माप लावत होते आणि खिडकीतून मित्राचा सराव दिसत होता. एवढ्यात त्यांना राहवलं नाही. "पाह्य बाई, पाह्य! खांदा पाह्य तिचा! हलला काय जरा तरी?" असे फुलले होते! मग तोंड मिटून, एका लयीत, त्यांनी सगळी काडतुसं भरली. मीही श्वास धरून बसले.

शेवटचं माप त्यांनी सवयीनं तराजूवर टाकलं, तर आकडा जुळेना. मग यंत्रावरच्या चकतीला बोट लावलं, तर ती सैल फिरली. लेकीचं कौतुक सांगायच्या भरात चकती आवळायचीच राहिली होती, आणि स्क्रू हळूहळू सरकला होता. कितव्या काडतुसापासून, कोण सांगणार?

सेक्रेटरी आला, आकडा बघून हसला. "अरे भाई, इतना सा? मफी मुश्किल, कोई बात नहीं!"

"तुमच्यासाठी मफी मुश्किल," भासरे म्हणाले. "माह्या पोरीच्या हातात मी 'चालते' म्हणून काही देत नाही."

सगळा ढीग त्यांनी बाजूला काढला. नव्यानं भरायला वेळ नव्हता, वर्कशॉप बंद व्हायची वेळ झाली होती. ते तसेच बाहेर गेले, आणि लेकीला स्वतःच्या तोंडानं सांगितलं, "उद्या तुले विकतचे काडतुसं वापरा लागतीन. माही चूक झाली." तिचा चेहरा पडला. चूक लपवली असती तर तिला कळलंही नसतं, तरी ह्या माणसानं ती कबूल केली. मला त्यांचा इतका अभिमान वाटला की डबा परत न्यायला विसरले.

शुक्रवारी मित्रा चांगली खेळली, पण हात न बसलेल्या काडतुसांवर ती दुसरी आली. जागा गेली. आमच्या घरी परतल्यावर भासरे सोफ्याच्या कडेला बसून राहिले. चहाचं नावही काढलं नाही त्यांनी. बाप्पा, मला तर रडूच यायला लागलं.

मित्रा उठून किचनमध्ये गेली. जन्मात तिनं कधी गॅस पेटवलेला नव्हता. भांड्यांची आदळआपट झाली, मग चहाचा वास आला. मी दारातून बघत होते. तिनं कप भरला आणि परत पातेल्यात ओतला. दुसऱ्यांदा भरला, ओतला. तिसरा बापाच्या पुढ्यात आणून धरला.

"घ्या बाबा," ती मराठीत म्हणाली, "माप बसलंय."

चहा पार कोमट झाला होता आणि साखर तर घातलेलीच नव्हती. भासऱ्यांनी कप दोन्ही हातांनी धरला आणि किती भरलाय ते न बघता सगळा पिऊन टाकला.