यंत्राकडे पाठ

कांबळे साहेब संगीत ऐकायला बसले की खुर्ची फिरवून यंत्राकडे पाठ करीत. पहिल्यांदा माझ्या घरी आले तेव्हाही त्यांनी तेच केलं. मुंबईहून मागवलेल्या माझ्या रेकॉर्ड प्लेअरकडे एकदा बघितलं आणि भिंतीकडे तोंड करून बसले. कारण विचारलं तर म्हणाले, "यंत्राकडं बघितलं की किंमतच ऐकू येती, आप्पा." माझा तिळपापड झाला.

लातूर नुकताच जिल्हा झाला होता आणि नव्या कचेरीत हे अधिकारी किनवटहून बदलून आले होते. तोवर पाश्चात्त्य संगीताची अक्कल गावात एकट्या मला होती. कापडाचं दुकान सांभाळून मी परदेशी तबकड्या जमवल्या होत्या. रविवारी दुपारी शेजारपाजारचे लोक माझ्या बैठकीत ऐकायला येत आणि मी मान हलवली की माना हलवत. साहेब आल्यापासून सगळे त्यांच्या पाठमोऱ्या मानेकडे बघू लागले.

त्या वर्षी पावसानं दगा दिला होता. टँकर कधी येईल याचा नेम नसे, आणि त्याचा हॉर्न वाजला की माझी मैफल उठे. सगळ्यात आधी उठे ती माझी बायको महानंदा. त्याचं मला वाईट वाटत नसे. पाण्यापुढे कुणाचं चालतं?

एका रविवारी साहेब नांदेडच्या स्टेशनाबाहेर घेतलेली स्वस्तातली कॅसेट घेऊन आले. एकोणिसाव्या शतकातले दोन पियानो कॉन्चेर्टो. एकीकडे एकटा पियानो, समोर अख्खा वाद्यवृंद, आणि दोघांचं भांडण नि मनधरणी. त्यातला एक माझ्याकडे भारीतल्या तबकडीवर होता. "तोच कॉन्चेर्टो दोन्हींवर लावू," मी म्हणालो. "सरस कोणतं ते सगळ्यांसमोर ठरू द्या." मला त्यांची जिरवायची होती.

आधी माझी तबकडी झाली. वाहवा झाली. मग टेपरेकॉर्डरवर कॅसेट. पियानो पत्र्याच्या डब्यात ठेवल्यासारखा, वाद्यवृंद शेजारच्या घरात बसल्यासारखा. मी खूश. मग संथ भाग सुरू झाला आणि बाहेर टँकरचा हॉर्न वाजला.

कुणीच उठलं नाही. मी महानंदाकडे बघितलं. तिनं मला हातानंच गप्प केलं आणि हळूच म्हणाली, "आज तुमीच जावा की."

मी घागर घेऊन गेलो. खिडकीतून तो डब्यातला पियानो बाहेरपर्यंत येत होता. रांगेतली मागची बाई ओरडली, "ओ आप्पा, पानी सांडायलंय की!" घागर कधीच भरून वाहत होती.

परत आलो तर साहेब निकाल देत होते. "आप्पांचीच तबकडी सरस हाय. ह्या कॅसेटीत आवाज बसका, वाद्यवृंद एका जागी मागंच ऱ्हातो. पन ह्या वाजवणाऱ्याला कुठं जायाची घाई न्हाई." म्हणजे मी जिंकलो होतो, आणि जळून खाक झालो होतो.

पुढे त्यांची नांदेडला बदली झाली. जाताना कॅसेट त्यांनी महानंदाला दिली, मला नाही. "आप्पांकडं लई हायेत, वैनी. ही तुमच्याकडं ऱ्हाऊ द्या." गेल्या हिवाळ्यात मुदखेडला मुलाच्या घरी ते वारले. गेलेल्या माणसाचा हेवा करू नये म्हणतात. मी करतो.

महानंदा ती कॅसेट अजून लावते, खुर्ची भिंतीकडे फिरवून. परवा म्हणाली, "तुमी बी फिरा की इकडं."

"हाय तिथं बरा हाय मी," म्हणालो. तेवढ्यात तो संथ भाग आला. तिची पाठ होती म्हणून बरं, माझे डोळे तिला दिसले नाहीत.