अंगावरचं कांबळं

मेहिताबेलचे गुडघे तिच्याआधी म्हातारे झाले होते. नवरा गेल्यापासून मेंढ्या कातरा, लोकर विंचरा, सूत काता, माग चालवा, सगळं तिच्याच गळ्यात. त्यात नदीपलीकडे, शेजारच्या कनेटिकट वसाहतीत दिलेली लेक केझाया पोटुशी. थंडी तोंडावर आलेली आणि तिच्या खाटेवर धड पांघरूण नाही. म्हणून मेहिताबेलने कांबळं विणलं.

मागावरून उतरलेलं कापड विरळच असतं. ते घट्ट करायला तिने रीतीप्रमाणे शेजारचे बाप्ये बोलावले. अनवाणी पाय मध्ये करून सगळे गोल बसले, साबणाच्या कढत पाण्यात कापड भिजवलं आणि लाथा सुरू झाल्या.

"जेडेदाया, कापडाला मार रे, मला नको!"

"मग नडगी घरी ठेवून यायचंस!"

"काकू, सफरचंदाची दारू संपली हो. पायातला जोरच गेला बघा!"

मेहिताबेलने सुरई पुन्हा भरली, तिथेच चुकलं. दारू चढली तशा लाथाही चढल्या. कोणी थांबेना, तिच्यात ओरडायचं त्राण उरलं नव्हतं. कापड आटून निम्मं झालं. जाड मात्र असं, की वारा आत शिरायचा नाही. बाळ-बाळंतिणीला पुरेल, म्हणून ती तेच घेऊन धक्क्यावर गेली.

जकातदार नाकातून बोलायचा. "लोकरीचं कापड एका वसाहतीतून दुसरीत न्यायचं न्नाही. होडीतून न्नाही, घोड्यावरून न्नाही. विलायतेतल्या विणकरांनी मग खायचं काय?"

"लेकीला देतेय हो. विकायला नाही."

"मावशी, या धक्क्यावर येणाऱ्या प्रत्येकाला पलीकडे एक लेक असते."

"आणि अंगावर घातलं तर?"

जकातदार जरा घुटमळला. "अंगावरचं चालेल. पण परत येताना अंगावर दिसलं पाहिजे. नाही दिसलं तर विकलं असं धरीन, आणि होडी जप्त."

"काकू, माझ्या पोटावर पाय नका हो आणू," होडीवाला कळवळला.

दुपारच्या उन्हात ते जड कांबळं पांघरून ती पलीकडे उतरली. टेकडी चढून लेकीच्या दारात पोहोचली तेव्हा घामाने न्हाली होती. कांबळं काढून तिने केझायाच्या मांडीवर टाकलं आणि धक्क्यावरचं सगळं सांगितलं.

"मग हे परत ने, आई. मी भागवेन कसंतरी."

"कशानं भागवशील? या फाटक्या गोधडीनं?"

"अगं, शेवटची होडी सुटेल."

"सुटू दे. मी परत गेले तरच तो जकातदार विचारणार ना?"

"आणि मेंढ्या? तुझा माग?"

मेहिताबेलने कांबळं उलगडून लेकीच्या पायांवर नीट पसरलं. तो माग तिच्या नवऱ्याने स्वतःच्या हाताने बनवला होता.

"मेंढ्या शेजारी बघतील," ती म्हणाली. "माग राहू दे तिथंच. रडू नकोस गं. चुलीवर काही असेल तर वाढ."