काटा शून्यावर होता

कारखान्यात सगळेच तिला ताई म्हणत, कारण तिचा सख्खा धाकटा भाऊ तिथेच कामाला होता आणि दिवसभर त्याच्या तोंडी 'ताई, ताई' चालू असे. पत्र्याचे डबे जोडणाऱ्या वेल्डिंग मशीनची देखभाल तिच्याकडे होती. भावाचा पाय एका जागी ठरत नसे, म्हणून त्याला भिंगरी हे नाव पडलं होतं. वडील गेल्यावर त्याला तिनेच वाढवलं, तिनेच या कामाला लावलं आणि पहिल्याच दिवशी दम भरला, "काटा शून्यावर आल्याशिवाय आत हात घातलास तर याद राख."

मशीनच्या पोटात मोठमोठे कपॅसिटर होते. मेन स्विच पाडला तरी त्यांच्यात साठलेली वीज आतच राही आणि मग रेझिस्टर नावाच्या एका वाटेने हळूहळू वाहून जाई. किती करंट वाहतोय ते दारावरच्या मीटरचा काटा दाखवी. स्विच पाडताच काटा उंच उडी घेई, झरझर उतरे आणि पुढे पुढे रेंगाळू लागे. असलेल्यातला अर्धा करंट जायला जेवढा वेळ, तेवढाच उरलेल्यातला अर्धा जायला. त्यामुळे शेवटचा थोडासा जाता जात नसे.

"ताई, ही गोगलगाय कधी पोचणार गं?" भिंगरी वैतागून म्हणे.

"पोचेल तेव्हा पोचेल. तुला कुठे लग्नाला जायचंय?"

पण काही दिवसांपासून ताईला काहीतरी खटकत होतं. काटा पूर्वीइतका उंच जात नव्हता आणि उतरायला मात्र जास्तच वेळ घेत होता. रेझिस्टर तापून तापून आतून खराब होत चालला होता. वाट अरुंद झाली, की थोडं थोडं वाहणार आणि बराच वेळ वाहत राहणार. तिने साहेबांना सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं, नवा रेझिस्टर मागवलाही. "येईपर्यंत जरा सांभाळून घ्या," ते म्हणाले. तिने मान डोलावली, पण मन थाऱ्यावर नव्हतं. घरी आईशी बोलतानाही मध्येच तो सुस्तावलेला काटा तिच्या डोळ्यांसमोर येई आणि घास तोंडातच फिरत राही.

त्या सकाळी मशीन अडकलं. ताई शेडच्या दुसऱ्या टोकाला पंख्याचा पट्टा बदलत होती. स्विच पडल्याचा खटका तिने ऐकला आणि पाठोपाठ दाराची कडी. इतक्या लवकर? वळून पाहते तो भिंगरी पाना घेऊन दारात वाकलेला आणि मीटरचा काटा शून्यावर. काट्याने उडी घेतलीच नव्हती. रेझिस्टर आतून तुटला होता. वाटच बंद, म्हणून वाहत काहीच नव्हतं, आणि वीज आत जशीच्या तशी भरून राहिली होती.

"हात मागे घे!" ती जिवाच्या आकांताने ओरडली.

तो दचकला. पाना निसटून आत पडला. बार उडावा तसा आवाज झाला, पांढराशुभ्र उजेड डोळ्यांत घुसला.

ती धावत पोचली तेव्हा तो जमिनीवर बसला होता. भुवया करपलेल्या, हात शाबूत. पाना एका बाजूने वितळला होता.

"काटा शून्यावर होता, ताई," तो कसाबसा म्हणाला. "तू सांगितलंस तसंच केलं मी."

जन्मात पहिल्यांदा त्याने तिचं अक्षरन् अक्षर ऐकलं होतं.

नवा रेझिस्टर बसला. आता दार उघडल्यावर, मीटर काहीही दाखवो, आधी लांब दांडीने कपॅसिटर जमिनीला जोडून आतली वीज उतरवायची आणि मगच हात घालायचा, असा नियम ताईने घालून दिला. भिंगरीला पॅकिंगला हलवलं, तो कुरकुरलाही नाही. डाव्या कानाने त्याला कमी ऐकू येतं. आईला दोघांनी सर्दी म्हणून सांगितलंय. घरी तो पूर्वीसारखाच थट्टामस्करी करतो. पण त्याने काही विचारलं, अगदी कुठला शर्ट घालू इतकं साधं, तरी ताईची जीभ अडखळते.