कुलपातलं वायफाय

आता कुठल्या तोंडानं सांगू तुम्हाला? सांगतो, पण हसायचं नाही!

आमच्या घरात कंप्युटरमधलं कळणारा मी एकटाच. म्हणजे काय, तर ऑफिसात प्रिंटर अडकला की मला हाक मारतात. त्यामुळं घरचं वायफाय माझ्या ताब्यात. राउटर कुणी पळवू नये म्हणून मी तो चक्क मागच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात ठेवला. भोकातून वायर आत घेतली, कुलूप ठोकलं. सुरक्षा म्हणजे सुरक्षा!

माझी पुतणी पल्लवी गावाकडून, कन्नडहून आली ती ऑनलाइन मुलाखतीसाठी. नेटवर्कचीच नोकरी, शेवटची फेरी. दोन वर्षं पोरीनं दुसरं काही पाहिलं नव्हतं. "मोबाइलच्या नेटवर देते, काका," म्हणाली. मी म्हटलं, "काका असताना?"

पाचव्या मिनिटाला पडद्यावरचे साहेब गोठले.

"काका, नेट लई रखडतंय!"

मी तिथल्या तिथं निदान केलं. पासवर्ड! तेही कुलूपच. दर वेळी उघडा, लावा, वेळ जाणारच ना? काढून टाकला.

अन् काय सांगू! भिंतीपलीकडं शेजाऱ्यांकडं हळद होती. दोन जीप भरून पाहुणे. लगेच आरोळी आली, "आरं, हितं फुकट वायफाय हाय!"

पुढच्या क्षणी पल्लवीच्या पाठीमागचा आमचा टीव्ही आपोआप लागला. शंकरपट! शर्यतीचे बैल सुटलेले, माणसं बोंबलतायत. कुण्या पाहुण्यानं मोबाइलमधला व्हिडिओ थेट आमच्या टीव्हीवर सोडला होता. राउटर बंद करायला मी किल्ली घेऊन कपाटाकडं धावलो. पोरीची नोकरी गेली, आता दादाला काय तोंड दाखवू?

पल्लवीनं झटकन लॅपटॉप मोबाइलला जोडला. साहेब हलले, बोलले.

"हे काय चाललंय?"

"सर, वेग आणि सुरक्षा यांचा मेळ कसा घालायचा, हे विचारलं होतंत ना? कसा घालू नये, ते दाखवते."

आणि लॅपटॉप उचलून तिनं कॅमेरा मागच्या खोलीत आणला. मी कपाटापाशी, हातात किल्ली.

"राउटर लोखंडात कोंडलाय, म्हणून वेग नाय. वर पासवर्ड काढलाय, म्हणून सुरक्षाबी नाय."

साहेब खुर्चीतून पडायचेच बाकी होते!

नोकरी लागली हो. पेढे वाटले. परवा पल्लवीचा फोन आला, "काका, आमच्याकडं नव्या लोकांना पहिल्याच दिवशी साहेबांनी टिपलेला तुमचा किल्लीवाला फोटो दाखवतात."

मी खूश. म्हटलं, "कुठल्या मथळ्याखाली?"

"'संभाव्य धोके'."