झोपेचा खुलासा

७ मे १९८५. उडदाच्या पापडांच्या लाट्या पाडत होते. तेवढ्यात लातूरहून धाकटा भाऊ आला, माझ्यापुढे एक कागद टाकला आणि तिथंच पोत्यावर आडवा झाला.

'कार्यालयीन वेळेत आपण निद्रिस्त अवस्थेत आढळून आलात. सात दिवसांत लेखी खुलासा सादर करावा, अन्यथा सेवा समाप्त करण्यात येईल.'

लातूर जिल्हा नवा झाला, कचेऱ्या उघडल्या, आणि आमच्या मुरुडच्या या पोराला आवक-जावकच्या टेबलावर हंगामी कारकुनी मिळाली. ती आता जायच्या बेताला आली होती. खुलासाही त्यानं लिहून आणला होता : 'यापुढे झोपणार नाही.'

"हे दिलंस की गेली नोकरी," मी म्हटलं. "झोपलो होतो हे तूच लिहून द्यायलास."

"मग झोपलो न्हवतो म्हणू? ओल्या शिक्क्यातलं 'आवक' गालावर उमटलं होतं की, अक्का. उलटं."

मला हसू आलं. पण विषय जुना होता. आमचे वडील, अप्पासुद्धा असेच. भर बाजारच्या दिवशी दुकानात पेंगायचे, गिऱ्हाइकं आपल्या हातानं ज्वारी मोजून घ्यायची. आम्ही सगळे त्याला आळस म्हणत होतो. त्या उन्हाळ्यातच मी एकदा झोपलेल्या भावाच्या तोंडावर तांब्याभर पाणी मारलं होतं. दुष्काळ असल्यामुळं शेजारणींना त्याच्या झोपेपेक्षा पाण्याचंच जास्त वाईट वाटलं.

खुलाशाला डॉक्टरचा कागद जोडावा म्हणून गावच्या दवाखान्यात विचारलं, तर कंपाउंडरनं नांदेडच्या एका मज्जातंतूंच्या डॉक्टरांचं नाव सांगितलं. दुसऱ्या दिवशी पहाटेची एसटी धरली. लातूरला गाडी बदलली. भाऊ बसल्याबसल्या झोपला. अहमदपूरला मी उतरून चहा घेऊन आले तरी याचं डोकं शेजारच्या म्हाताऱ्याच्या खांद्यावरच. "पेशंटला कुठं न्यायलाव, बाई?" म्हाताऱ्यानं हळूच विचारलं. त्याची झोपमोड होऊ नये म्हणून.

डॉक्टरांनी खूप प्रश्न विचारले. रात्री झोप लागते का? लागते. दारू? नाही. आणखी काही त्रास? "काई न्हाई," भाऊ म्हणाला.

मला राहवलं नाही. म्हटलं, "त्रास याला नाही, आम्हाला आहे. हापशावर शंभर घागरींची रांग असते. याचं पाणी भरून झालं तरी दांडा सोडत नाही. बायका ओरडतात, 'सोड की रे, तुझ्या बापाचा हाय का हापसा?' तर हा म्हणतो, 'सुटंना गेलाय.' परवा मीच याच्या बोटांवर फटका मारला."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "मूठ घट्ट आवळा. आता झटकन उघडा."

मूठ उघडेना. एकेक बोट सावकाश वर येत होतं. डॉक्टरांनी अंगठ्याच्या बुडाशी छोटी हातोडी मारली. अंगठा आत वळला आणि बराच वेळ तसाच राहिला. डॉक्टर खूश झाले. "वडिलांचंही असंच होतं का?"

मग मला तराजू आठवला. अप्पांचा हात तराजूच्या दोरीवरून लवकर निघायचा नाही. काटा मारतात, असं गावभर बोललं जायचं. ते वारले तरी बोललं जात होतं.

डॉक्टर म्हणाले, आजार वडिलांकडून आलेला. आवळलेले स्नायू सैल व्हायला वेळ लागतो, आणि दिवसा झोप येते तीही त्याच आजाराची. आळस नव्हे. पूर्ण बरं करणारं औषध नाही, पण दरवर्षी हृदयाची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढायची आणि कुठलंही ऑपरेशन असेल तर भूल देणाऱ्याला आधी हे सांगायचं. दुपारी जेवणानंतर अर्धा तास झोपू द्यायचं. मग त्यांनी माझी मूठ तपासली. ती लगेच उघडली.

"वाटणीत अक्कानं काईच घेतलं न्हाई, डॉक्टर," भाऊ म्हणाला. "तिच्या वाटची झोप बी मलाच आलीय."

तिघंही हसलो. डॉक्टरांनी पत्र लिहून दिलं. रात्र गुरुद्वाऱ्याच्या धर्मशाळेत काढली. भाऊ घोरत होता आणि पहिल्यांदाच मी त्याला हलवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिथूनच थेट लातूरच्या कचेरीत गेलो. नवा खुलासा मी गाडीतच लिहिला होता. साहेबांनी तो वाचला, डॉक्टरांचं पत्र वाचलं आणि म्हणाले, "असला कुठं आजार असतोय का?"

"भावाशी हात मिळवा, साहेब," मी म्हटलं. "आणि तू घट्ट धर रे."

त्यानं धरला. साहेबांनी हात ओढला. पुन्हा ओढला. "अहो, सोडा की!"

"सुटंना गेलाय, साहेब."

सगळी कचेरी टेबलं सोडून बघायला आली. हात मोकळा झाल्यावर साहेब बोटं चोळत हसले. मी त्यांच्यापुढं पेन धरलं, खुलाशावर 'मान्य' लिहून घेतलं, खाली 'जेवणानंतर अर्धा तास विश्रांती' हेही लिहायला लावलं आणि सही झाल्यावरच मुरुडच्या गाडीला निघाले.