ऑर्व्हिलने लिहिलेला नंबर

ऑर्व्हिल फ्रीझन चौतीस वर्षं आमच्या केल्विकच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होता. कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतातल्या या टीचभर गावात कुणाचा नंबर काय, हे त्याला तोंडपाठ. निवृत्त झाल्यावर तो आमचे कॉम्प्युटर दुरुस्त करू लागला, फुकट, पण शिव्या घालत. कॉफी मात्र ताजी लागायची.

दोन हिवाळ्यांपूर्वी इंटरनेट कंपनीचा सर्व्हर सारखा बंद पडायचा. आपण साइटचं नाव टाकलं की तिचा नंबर शोधून द्यायचा, हे त्याचं काम. ऑर्व्हिलने तोडगा काढला. ज्याला ज्या साइटी लागतात त्यांचे नंबर त्याने ज्याच्या त्याच्या कॉम्प्युटरमधल्या एका फाइलीत थेट लिहून टाकले, म्हणजे कुणाला विचारायलाच नको. "नंबर काय उठून चालायला लागतात?" म्हणायचा. जन्म टेलिफोनात गेलेला माणूस, दुसरं काय म्हणणार!

माझी शेजारीण डॉरीन हुडक नवी किडनी मिळण्याच्या यादीत होती. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. दर महिन्याला हॉस्पिटलच्या साइटवर 'मी तयार आहे' असं भरायचं, नाहीतर नाव बाजूला पडायचं. ऑक्टोबरात ती एकच साइट उघडेना. तिने फोन केला, तर तिकडची बाई म्हणाली, "आमच्याकडे नीट चालतंय, फोनवर आम्ही भरून घेत नाही, तुमचा कॉम्प्युटर दाखवून घ्या." ऑर्व्हिल मुलीकडे रेजायनाला गेलेला.

"अगं, माझ्याकडे येऊन भर की," मी म्हटलं.

"पासवर्ड त्या डबड्यातच आहे. आणि ऑर्व्हिल येतोयच सोमवारी."

मी फार ताणलं नाही. त्याची मला आजही लाज वाटते.

शनिवारी तिला जुळणारी किडनी आली. तिचं नाव बाजूला पडलेलं, म्हणून ती दुसऱ्याला गेली. सोमवारी सकाळी नर्स फोनवर बोलता बोलता हे सांगून गेली.

दुपारी ऑर्व्हिल आला. "काय गं, परत काय मोडून ठेवलंस?"

डॉरीनने त्याला सगळं सांगितलं. तो कामाला लागला. राउटर बंद करून चालू केला, कॉम्प्युटरने लक्षात ठेवलेली सर्व्हरची जुनी उत्तरं पुसली. काही फरक नाही. मग त्याने सर्व्हरला हॉस्पिटलचा नंबर विचारला. उत्तर एक आलं, कॉम्प्युटर मात्र भलत्याच नंबरावर जात होता. त्याने स्वतः नंबर लिहिलेली ती फाइल उघडली आणि त्यातली एक ओळ पुन्हा पुन्हा वाचली. कॉफी निवली.

"डॉरीन, हा नंबर मी लिहिलाय. हॉस्पिटलने नंबर बदलला, आणि तुझा कॉम्प्युटर अजून जुन्यावरच जातोय. माझ्यामुळे."

त्याने ती ओळ पुसली. साइट लगेच उघडली. त्याने खुर्ची तिच्यासाठी मोकळी केली, पण ती बसली नाही.

"सांगितलंस कशाला?" ती म्हणाली. "कंपनीला शिव्या दिल्या असत्या मी मरेपर्यंत. आता हे डबडं बिघडलं की कुणाला बोलावू रे?"