एक खुर्ची जास्त

रुडेल गॅस्किन शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करतो. हे त्याचं पगारी काम. गावानं त्याला नेमून दिलेलं काम निराळं आहे. आमच्या लॉरेल फोर्ड गावचा एखादा मुलगा विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघात नाव काढू लागला, आणि शेवटचं वर्ष सोडून व्यावसायिक संघात जायची भाषा करू लागला, की त्याला रविवारी चर्च सुटल्यावर रुडेलच्या घरी जेवायला नेतात. जेवताना रुडेल आपली गोष्ट सांगतो. मुलगा शेवटचं वर्ष पूर्ण करायचं कबूल करतो. मग केळ्याचं पुडिंग येतं.

माझा अंत्यसंस्काराचा व्यवसाय आहे, त्यामुळे गावातल्या सगळ्या आनंदाच्या प्रसंगी खुर्च्या माझ्या असतात. रुडेलकडे स्वतःच्या चारच आहेत. बाकीच्या तो शनिवारी माझ्याकडून नेतो आणि खुर्च्यांबरोबर मलाही बोलावतो. म्हणून ती गोष्ट मला पाठ आहे.

सतरा वर्षांपूर्वी तिसऱ्या वर्षाचा हंगाम संपताच रुडेलनं व्यावसायिक निवडीसाठी नाव दिलं. एकदा नाव दिलं की विद्यापीठाचा संघ परत घेत नाही. एप्रिलमध्ये व्यावसायिक संघ एकेका मुलाचं नाव घेत खेळाडू निवडतात, ते दोन्ही दिवस अर्धं गाव त्याच्या आईच्या घरात टीव्हीसमोर बसलं होतं. टीव्हीवर नाव येण्याआधी मुलाला फोन येतो, म्हणून फोन टेबलाच्या मधोमध ठेवलेला, आणि त्याला कुणी हात लावायचा नाही असं ठरलेलं. दोन दिवसांत तो एकदाच वाजला. चर्चच्या मिस युलालीनं विचारलं, "बर्फ पुरतोय ना, की अजून आणू?"

इथे रुडेल थांबतो. लोक हसतात. मुलगा हसत नाही. पुढे कोंबड्या कापायच्या कारखान्यातली त्याची नोकरी येते, तिथली थंडी, तिथली पाळी. आणि शेवटी शाळेचे कोच हॅस्केल डाउडी रुडेलच्या खांद्यावर हात ठेवून म्हणतात, "एक वर्ष थांबला असता, तर हा गडी आज..." ते वाक्य कोच कधी पुरं करत नाहीत. गावानं मात्र ते इतक्यांदा पुरं केलंय की रुडेल आज न खेळलेल्या सामन्यांसाठी प्रसिद्ध आहे. त्याच जोरावर कोचनी त्याला शुक्रवारच्या शालेय सामन्यांच्या समालोचनाचा माइक दिला. माइक हातात आला की रुडेल दुसराच माणूस होतो. त्याची बायको लोरीन म्हणते, घरात तो माझ्याशीही इतक्या आवाजात बोलत नाही, देवाची कृपा.

यंदा पाळी टॅव्हारस क्रेनशॉची होती. चेंडू काखेत दाबून पळणं हे त्याचं काम, आणि तो पळू लागला की अडवणारी माणसं आपण नेमकं कुणाला अडवत होतो असा चेहरा करून उभी राहतात. नाव द्यायची मुदत जानेवारीतल्या एका सोमवारी संध्याकाळी संपत होती.

त्याआधीच्या शनिवारी रुडेल खुर्च्या न्यायला आला. नेहमीच्या घेतल्या आणि म्हणाला, "एक जास्त दे."

"कोण येणार आहे?"

"खुर्ची दे ना बाबा. जन्मपत्रिका काय विचारतोस तिची?"

रविवारी आम्ही टेबलाशी बसलो तेव्हा ती जास्तीची खुर्ची रिकामीच होती. टॅव्हारसची आई मिस ओझेला चर्चच्या टोपीतच बसली होती. टॅव्हारस एवढा रुंद की माझी घडीची खुर्ची त्याच्याखाली दिसत नव्हती. कोचनी प्रार्थना म्हटली. तिच्यात देवाकडे विद्यापीठाच्या पुढच्या हंगामाचाही उल्लेख केला.

"ही कुणाची?" रिकाम्या खुर्चीकडे बोट दाखवून कोचनी विचारलं.

"येईल एक जण," रुडेल म्हणाला. "कॉर्नब्रेड घ्या, कोच."

त्यानं गोष्ट सुरू केली. आई, टीव्ही, टेबलावरचा फोन. मिस युलालीच्या बर्फापाशी तो नेहमीप्रमाणे थांबला. कोच हसले. रुडेल नुसता ताटाकडे बघत राहिला. आणि दार वाजलं.

दारात क्विन्सी हेअरस्टन होता. डाव्या पायानं जरा खुरडत आत आला, लोरीनला "मॅडम" म्हणाला आणि रिकाम्या खुर्चीवर बसला. काही वर्षांपूर्वी क्विन्सी याच टेबलावर, याच गोष्टीनंतर शेवटचं वर्ष खेळायला थांबला होता. सप्टेंबरात एका दुबळ्या संघाशी सामना होता. तिकिटंसुद्धा खपली नव्हती. त्या सामन्यात त्याचा गुडघा गेला. क्रीडा व्यवस्थापनाची पदवी मात्र त्यानं घेतली, आणि आता तो बाजारातल्या मोठ्या दुकानात बूट विकतो. त्यात खेळाचे बूटही असतात, त्यामुळे पदवी अगदीच वाया गेली असं म्हणता येत नाही.

"क्विन्सी," कोच म्हणाले, "तू आज इकडे कसा?"

"मिस्टर रुडेलनी बोलावलं, कोच."

"अस्सं." कोचनी कॉर्नब्रेडचा तुकडा मोडला आणि तसाच ठेवला. "रुडेल, बरी आठवण झाली. शुक्रवारच्या माइकसाठी मुख्याध्यापकांचा पुतण्या मागे लागलाय. मी म्हटलं, आमचा माणूस आहे. आहे ना?"

"भाजी गार होतेय," लोरीन म्हणाली.

"रुडेल, मी विचारतोय ते ऐकू आलं का तुला?"

"त्याला ऐकू येतं, कोच," लोरीन म्हणाली. "उत्तर द्यायला वेळ लागतो. लग्नाला हो म्हणायला त्यानं दोन उन्हाळे घेतले."

 टॅव्हारसनं काटा खाली ठेवला. 

"मिस्टर रुडेल, एक विचारू? तुम्हाला परत संधी मिळाली, तर थांबाल का ते वर्ष?"

"अर्थात थांबेल," कोच म्हणाले.

"मी त्यांना विचारलं, सर."

मिस ओझेलानं मुलाच्या दंडावर हात ठेवला. रुडेल खिडकीबाहेर बघत होता. तिथे बघण्यासारखं काही नाही, माझी शववाहिका उभी होती.

"नाही," तो म्हणाला.

"रुडेल," कोच म्हणाले.

"बोलू द्या, कोच. मी थांबलो असतो तर काय झालं असतं ते तुम्ही सतरा वर्षं अर्धंच सांगताय. पुरं मी करतो. काही झालं नसतं. मी हळू होतो."

"मूर्खासारखं बोलू नकोस."

"हळू होतो. तुम्ही हातात घड्याळ धरून मला पळवलंत, माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त ठाऊक आहे. शाळेत चालून गेलं, विद्यापीठात पुढे वाट मोकळी करणारे गडी दांडगे होते म्हणून चालून गेलं. त्या दोन दिवसांत ज्या ज्या पोराचं नाव वाचलं, तो माझ्यापेक्षा जलद होता. आणखी एक वर्ष थांबून मी फक्त एक वर्षानं मोठा झालो असतो."

तो ओरडून बोलत नव्हता. मोटार का बिघडली ते गिऱ्हाइकाला सांगतात तसं सांगत होता. पण मी मान खाली घातली. आमच्या गावात मोठा होऊ शकला असता असा एकच माणूस होता, आणि रुडेलनं आत्ता आमच्यासमोर त्याला मारलं. मी मयतांच्या धंद्यातला, सवयीनं हात समोर धरून बसलो.

"मग इतकी वर्षं गोष्ट का सांगितलीत?" टॅव्हारसनं विचारलं.

"ऐकायला बरी वाटायची रे. मलासुद्धा." रुडेलनं क्विन्सीकडे मान वळवली. "मग हा थांबला. हा हळू नव्हता."

सगळ्यांच्या नजरा क्विन्सीकडे गेल्या. तो हातातल्या रुमालाची घडी घालत होता.

"माझ्याकडे बघू नका," तो म्हणाला. "मी कुणाला जा म्हणणार नाही, नि थांब म्हणणार नाही. मला थांब म्हणणारे सगळे भले लोक होते. मिस्टर रुडेल तीन आठवडे रोज इस्पितळात यायचे.  बसची चावी बोटात फिरवत बसायचे."

"मी सामन्यांत अडकलो होतो," कोच म्हणाले. कुणी विचारलं नव्हतं.

"हो सर. हंगाम होता."

मिस ओझेलानं डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. चर्चची टोपी बायका परक्या घरात काढत नाहीत.

"क्विन्सी, पदवी आहे ना रे तुझ्याकडे?"

"आहे, मॅडम. भिंतीवर."

"गुडघा गेल्यावर मिळवलीस ना? पळत नव्हतास तेव्हा?"

"कुबड्या घेऊन वर्गात जायचो, मॅडम."

"म्हणजे तिला पाय लागत नाहीत." ती मुलाकडे वळली. "बाळा, मी तुला थांबवायलाच इथे आणलं होतं. तुझ्या बापाला शब्द दिलाय, पोरगं पदवी घेईल म्हणून. कधी घेईल, ते तो विचारायचा राहिला. तुला काय वाटतं ते बोल आता. या माणसानं एवढं बोलल्यावर तू तरी गप्प बसू नकोस."

टॅव्हारसनं ताट बाजूला सारलं. "मला भीती वाटते, ममा," तो म्हणाला. "फोन नाही वाजला तर काय, याची वाटते. पण प्रत्येक सामन्यात खाली पडलो की उठायच्या आधी मी गुडघा चाचपतो. आता तर झोपेतसुद्धा. मी उद्या नाव देतो."

"दे. आणि दर उन्हाळ्यात वर्गात बसायचं."

"हो, ममा."

"हो मॅडम म्हण. कोच बसलेत समोर."

"हो, मॅडम."

कोच उठले. खुर्ची त्यांनी नीट आत सरकवली, ते शिष्टाचाराचे पक्के आहेत. "लोरीन, जेवण छान होतं," म्हणाले आणि पुडिंग न खाता गेले. आमच्याकडे हे तोंडावर थुंकण्याच्या जवळपास येतं. लोरीननं त्यांच्या वाटणीचं पुडिंग डब्यात भरलं, आणि मग तो डबा क्विन्सीला दिला.

फेब्रुवारीत शाळेनं कळवलं की माइकवर तरुण आवाज हवा आहे. मुख्याध्यापकांच्या पुतण्याचा आवाज तरुण आहे, याबद्दल दुमत नाही. रुडेलनं शाळेचं पत्र वाचलं आणि तो एका बसखाली गेला. बराच वेळ बाहेर आला नाही. गावात लोक त्याच्याशी नीट वागतात, पण आता तो दुकानात शिरला की कुणी जुना सामना काढत नाही. बसबद्दल बोलतात.

एप्रिलमध्ये मिस ओझेलानं माझ्याकडच्या होत्या नव्हत्या तेवढ्या सगळ्या खुर्च्या नेल्या. टीव्हीसमोर, अंगणात, ओट्यावर, सगळीकडे माझ्या दुकानाचं नाव पाठीवर घेऊन माणसं बसली होती. टॅव्हारसचा मोबाइल टेबलाच्या मधोमध होता. पहिला दिवस गेला. दुसऱ्या दिवशी ऊन उतरल्यावर लोकांचं बोलणं कमी झालं आणि खाणं वाढलं. मिस ओझेला टेबलाचा एकच कोपरा पुन्हा पुन्हा पुसत होती.

तेवढ्यात मागच्या दारानं रुडेल आला. दोन्ही खांद्यांवर बर्फाची पोती. कुणी मागवली नव्हती, आणि त्यानं आधी फोन करून विचारलंही नव्हतं. एक पोतं त्यानं थंड पेयांच्या टबात ओतलं आणि दुसऱ्याचा गोळा झाला होता, तो फोडायला मुठीनं ठोकू लागला.

मोबाइल वाजला. टॅव्हारसनं हात पुढे केला आणि मागे घेतला. "उचल," मिस ओझेला म्हणाली.

"हो, सर," टॅव्हारस म्हणाला. मग बराच वेळ नुसता ऐकत राहिला. मग पुन्हा, "हो, सर." आईचा हात त्यानं इतका घट्ट धरला होता की तिची बोटं दिसत नव्हती.

टीव्हीवर टॅव्हारसचं नाव आलं. खुर्च्या एकदम मागे सरकल्या, काही उलटल्या, दोन मोडल्या. रुडेल टबाशी पाठमोरा उभा होता. तो वळला नाही. पोतं पूर्ण फोडून झालं, बर्फ सारखा केला, आणि ओले हात पँटला पुसत त्यानं कुणालाही उद्देशून नाही असं विचारलं, "पुरेल ना एवढा?"